पाच कोंबड्या आणि शंभर डोसांची बाटली

संपादक महोदय,
नमस्कार. पत्र कोंबड्यांबद्दल आहे, हसू नका. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका वाड्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर राहते मी, लग्न होऊन आले तेव्हापासून परसात कोंबड्या बघतेय, आधी सासूबाईंच्या होत्या, मग माझ्या झाल्या. आता गेले पंधरा दिवस घरात एकच विषय चाललाय, ठेवायच्या की बंद करायच्या.

त्याला कारण म्हणजे आमची लाल कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलीय. खाली एक पण अंडं नाही, रिकाम्या पाटीत भाताच्या पेंढ्यावर बसून असते आणि हात पुढे केला की पिसं फुलवून टोचते. आता तिच्याखाली अंडी ठेवली तर एकवीस दिवसांनी पिल्लं, म्हणजे पुढची दोन-तीन वर्षं परत तेच सगळं, आणि नाही ठेवली तर आहेत त्या म्हाताऱ्या होतील आणि खुराडा आपोआप रिकामा. म्हणजे निर्णय तिनेच माझ्या गळ्यात टाकलाय.

आमचे हे म्हणतात बंद कर, गुडघे दुखतात आणि रोज वाकून शीट काढतेस. मुलगी पुण्याहून फोनवर बर्ड फ्लूचं सांगते, २००६ मध्ये नवापूरला लाखो कोंबड्या मारल्या होत्या ते तिला अजून आठवतं. दोघांचंही चुकीचं नाही. पैशाचं म्हणाल तर गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देणार, त्यात ती खुडूक बसली, पिल्लं फिरवायला लागली की दोन-अडीच महिने काहीच नाही. पण तिला घालायचं काय, तर तांदळाची कणी, कोंडा, उरलेली पेज, बाकी ती दिवसभर पोफळीखाली उकरून स्वतःचं बघते, त्यामुळे तोट्याचा तसा प्रश्नच नाही. मध्ये मी वनराजा या सुधारित जातीची पिल्लं आणून बघितली, अंडी जास्त हे खरं, पण ती खुडूक काही बसत नाहीत आणि अंगाने इतकी जड की मुंगूस आलं तरी पळता येईना, दोन महिन्यांत मुंगसानेच संपवली. उलट राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला कोंबा द्यायची वेळ आली की अख्खा वाडा माझ्या दारात, कारण तिथे ब्रॉयलर चालत नाही. त्या दिवशी कुणी म्हणत नाही की तुमचा कोंबा पहाटे ओरडतो.

खरा घाव बसला तो मे महिन्यात. सकाळी दार उघडलं तर एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, मान उलटी पिरगाळून आभाळाकडे बघत जागच्या जागी गोल फिरत होती, खाली हिरवट पातळ शीट. मानमोडी, डॉक्टर लोक राणीखेत म्हणतात ती. याला औषध नाही, आधी लस दिलेली असेल तरच कोंबडी वाचते. आठ दिवसांत एकोणीसपैकी तेरा गेल्या, रोज खड्डा काढायचा आणि चुना टाकून पुरायच्या. उरल्या सहा, त्यातली एक पावसात अजगराने गिळली, आणि गिळून पोट फुगल्यावर त्याला आला त्या भोकातून बाहेर जाता येईना, तिथेच वेटोळं घालून पडला होता, सर्पमित्र येऊन घेऊन गेला. त्या अजगरावर माझा राग नाही, भोक मीच बुजवलं नव्हतं. राग आहे तो मानमोडीचा, कारण ती टळली असती.

मी दवाखान्यात गेले होते. डॉक्टर चांगले, नीट समजावलं. पिल्लू सात दिवसांचं झालं की लासोटा या मानमोडीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात, मग दीड-दोन महिन्यांनी आरटूबी या त्याच रोगाच्या दुसऱ्या लसीचं इंजेक्शन. लस महाग अजिबात नाही. पण बाटली येते ती शंभर डोसांची, फ्रीजमधून बर्फात घालून आणायची आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवायची, राहिली तर फुकट. आता माझ्याकडे चार कोंबड्या आणि एक कोंबा. पाच डोस वापरायचे आणि पंच्याण्णव ओतून द्यायचे काय? शिवाय इंजेक्शन मी कुठून देणार.

म्हणून मी एक दिवस वाड्यावर फिरून मोजलं. अकरा घरांत मिळून सत्तरच्या आसपास कोंबड्या निघाल्या, आणि लस एकाही घरात कधी दिलेली नाही. म्हणजे एका बाटलीत आमचा सगळा वाडा होतो. गुरांना लाळ-खुरकताची लस द्यायला माणसं गोठ्यात येतात, कुत्र्यांना रेबीजची द्यायला पोरं मोठाली जाळी घेऊन वाड्यावाड्यावर धावतात आणि टोचून झालं की अंगावर रंगाची खूण करतात, गोव्यात हे सगळ्यांनी बघितलंय. मग कोंबड्यांसाठी पंचायतीने वर्षातून तीन-चार संध्याकाळी ठरवून का देऊ नयेत? संध्याकाळीच हं, कारण दिवसा कोंबडी धरायला गेलात तर ती तुम्हाला कुळागरभर पळवेल, काळोख पडला की खुराड्यात हात घालून एकेक उचलायची, हूं की चूं करत नाही. एक माणूस, एक थर्मास, दीड तास. तारीख आधी कळली तर आम्ही बायका अंडी पण त्या हिशोबाने ठेवू, म्हणजे सगळ्यांची पिल्लं एकदम निघतील.

माझ्या लाल कोंबडीखाली मी अजून अंडी ठेवलेली नाहीत, नऊ बाजूला काढून ठेवलीत, पण ती फार दिवस थांबत नाहीत, आठवड्यावर गेली की फळ कमी धरतं. कुणाच्या गावात अशी बाटली वाटून घ्यायची सोय असेल तर याच सदरात लिहून कळवा, दिवस कसा ठरवता आणि टोचायला कोण येतं तेवढं सांगितलं तरी पुरे. बाटलीचे पैसे मी एकटी भरायला तयार आहे.

– एक वाचक, डिचोली तालुका