बिलावर एन१, चाकाला भलताच टायर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: मागच्या दोन चाकांना दोन वेगळे टायर बसवल्याबद्दल

तुमच्या कॉल सेंटरचा फोन आत्ताच ठेवलाय. पोर्शे ७१८ केमनसाठी मागचे दोन टायर, २६५/४० झेडआर १९, एन१ मार्किंगचेच (ही पोर्शेच्या मंजुरीची खूण) हवेत, असं ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. पुढचे एन१ आहेत म्हणून. बिलावर दोन्हींपुढे एन१ छापलंय. मुंबई नाक्याजवळच्या सेंटरवर तुमच्याच माणसांनी ते बसवले. घरी येऊन साइडवॉल, म्हणजे टायरची बाहेरची बाजू, बघतो तर डाव्यावर एन१, उजव्यावर काहीच नाही. नक्षी तीच, साइज तीच. पैसे मात्र दोन्हींचे एन१चे घेतलेत.

हे तुमच्या कॉल सेंटरवरच्या मुलाला सांगितलं, तर म्हणतो, "सर, एन म्हणजे नायट्रोजन. सेंटरवर जाऊन भरून घ्या." म्हटलं, मग एनपुढचा १ कशाचा? होल्डवर गाणं वाजलं. "सर, सीनिअरना विचारलं. एक वर्षाची वॉरंटी." वा! म्हणजे एन४ घेतला असता तर चार वर्षं निश्चिंत. बीएमडब्ल्यूच्या टायरवर तारा असतो, तो काय हॉटेलचा? तर म्हणे, "सर, साइज मॅच होतेय ना?"

टायर तुम्ही विकता, तेव्हा एन म्हणजे पोर्शेनं आपल्या गाड्यांसाठी तपासून मंजूर केलेला टायर, एन० ही पहिली मंजूर आवृत्ती आणि एन१ त्यापुढची, हे मी सांगायची वेळ यायला नको होती. बीएमडब्ल्यूचा तारा, मर्सिडीजचं एमओ, ऑडीचं एओ त्यातलंच. नाव-साइज सारखी असूनही आतली बांधणी आणि रबर वेगळं असू शकतं. म्हणून तर पोर्शे अशी सरमिसळ करू नका म्हणते. तुम्ही ती एकाच अ‍ॅक्सलवर, मागच्या जोडीतच केलीत! पावसात कसारा घाटाच्या वळणावर गाडीची मागची बाजू सुटली, तर सावरायला तुमचे सीनिअर येणार?

वर, "एकदा बसवलेला टायर परत घेत नाही." बसवला कोणी? आणि पैसे एन१चे घेतलेत, हे परत सांगतो.

उजवा टायर एन१चा द्या, बसवणं आणि बॅलन्सिंग तुमच्या खर्चानं. जमत नसेल तर दोन्हींचे पैसे परत करा. आठवड्यात लेखी उत्तर आलं नाही, तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात भेटू. घरातल्या सगळ्या गाड्यांना आजवर तुमच्याकडूनच टायर घेतले, ते आता बंद.

बिल आणि दोन्ही साइडवॉलचे फोटो जोडलेत. कॉल रेकॉर्ड होतो असं तुमचंच यंत्र सांगतं, तेव्हा तोही ऐका. नायट्रोजन पाठवू नका.

एक ग्राहक,
गंगापूर रोड, नाशिक