नमुना परत पाठवणाऱ्या लॅबमधल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

रोज इतक्या डब्या तुमच्या खिडकीतून आत जातात, त्यात आमची कुठली लक्षात राहायला! न्यूमोनियासाठी ॲडमिट असलेल्या माझ्या बाबांना जुलाब सुरू झाले आणि शौचाचा नमुना घेऊन मी खाली आले. तो सकाळपासून वॉर्डातल्या टेबलावर पडून होता. तुम्ही घेतला नाहीत. “दोन तासांत आणा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. यातलं टॉक्सिन, म्हणजे जंतूचं विष, टिकत नाही. रिपोर्ट निगेटिव्ह येईल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल.” खिडकीत रांग असताना एवढं कोण समजावून सांगतं?

नातेवाइकांनी तोवर हॉस्पिटलच्या जेवणावर खापर फोडलं होतं. खरं तर ज्या अँटिबायोटिकनं बाबांची छाती मोकळी केली, त्यानंच आतड्यातले चांगले जंतूही मारले आणि सी डिफिसाइल (सी डिफ) या जुलाब करणाऱ्या जंतूला रान मोकळं मिळालं.

ताज्या नमुन्यात जीडीएच (या जंतूचं एक एंझाइम) पॉझिटिव्ह, टॉक्सिन निगेटिव्ह. तसाच रिपोर्ट छापून तुम्ही मोकळ्या झाला असतात, तरी कोणी बोट ठेवलं नसतं. पण जीडीएच तर विष न बनवणाऱ्या सी डिफमध्येही सापडतं. म्हणून तुम्ही तोच नमुना जीन शोधणाऱ्या पीसीआर टेस्टला लावलात, टॉक्सिनचा जीन सापडल्यावर कागद वर यायच्या आधी वॉर्डात फोन केलात, आणि नुसत्या जीनवर जाऊ नका, पेशंटची लक्षणं बघून ठरवा, हेही सांगितलंत. मला हे त्या मशीनपेक्षा मोठं वाटतं.

पुढचं काम डॉक्टरांचं. व्हँकोमायसिन हे या जंतूवरचं अँटिबायोटिक शिरेतून दिलं तर आतड्यात पुरेसं पोचत नाही, म्हणून इंजेक्शनची पावडर पाण्यात विरघळवून प्यायला द्यायची. बाबा प्रत्येक वेळी नाक दाबून घ्यायचे आणि वर सिस्टरलाच “तुम्ही घेऊन बघा” म्हणायचे. सॅनिटायझरनं या जंतूचे बीजाणू मरत नाहीत, म्हणून आम्हाला साबणानं हात धुवायला लावलं.

जुलाब थांबल्यावर खात्रीसाठी पुन्हा टेस्ट करा म्हणून मी आले, तेव्हाही तुम्ही नकोच म्हणालात. बरं झाल्यावरही ती कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, मग उगाच औषध सुरू होईल. आमचे पैसे वाचले, बाबांचं नाकही.

आईनं बेसनाचे लाडू दिलेत. रिसेप्शनवर ठेवलेत, कारण लॅबमध्ये खायला मनाई आहे हे तुमच्या दारावरच लिहिलंय.

आपली,
पेशंटची मुलगी