घरातलं म्हणजे कुणाच्या घरातलं?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत ‘घरातल्याच साहित्यातून उन्हाळी थंडावा’ या मथळ्याखाली पाच पाककृती आल्या. सुट्टीत पुण्याहून आलेल्या माझ्या नातीने ते पान कात्रीने नीट कापलं, फ्रिजवर चिकटवलं आणि मला सामानाची यादी दिली. चिया सीड्स, डब्यातलं नारळाचं दूध, व्हिप्ड क्रीम, पुदिन्याचं सिरप, सोडा आणि निळं सिरप. ‘‘आजोबा, हे सगळं घरात असतंच, पेपरात लिहिलंय,’’ असं वर. मी अकोल्यातच जन्मलो, एसटीत ३१ वर्षं वाहक होतो, आता निवृत्त आहे. आमच्या घरात निळी म्हणून एकच पातळ वस्तू होती, ती म्हणजे धोतराला द्यायची नीळ.

तरी गेलो. मे महिन्यातले सकाळचे अकरा, डोक्याला दुपट्टा, तीन दुकानं. बिल झालं ६८५ रुपये. शेजारच्या काकूंनी पिशवी पाहून विचारलंच, ‘‘काऊन बाप्पा, पैसे जास्त झाले का?’’ संध्याकाळी पेला अगदी तुमच्या फोटोतल्यासारखा दिसला, यात वाद नाही. नातीने दोन घोट घेतले, निळी जीभ आरशात पाहून आली आणि म्हणाली, ‘‘हे नुसतंच गोड आहे.’’ आमच्या सौ.चं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या खुर्चीतून घर चालवतात. तिथूनच आवाज आला, ‘‘टोपलीभर कैऱ्या पडल्या हायेत घरात. त्या काय फकस्त लोणच्यालेच आणल्या का?’’

दुसऱ्या दिवशीपासून मी आणि नातीने ठरवलं, आठ दिवस दुकानाची पायरी चढायची नाही. घरात असेल त्यातूनच काय ते करायचं. हुकूम खुर्चीतून, हात आमचे.

पहिलं अर्थातच पन्हं. लोक कैरी उकडतात, आमच्याकडे भाजतात. गॅसवर जाळी ठेवून साल काळी पडेपर्यंत फिरवत राहायचं. साल तडकून त्यातून फसफस रस आला की झालं. त्या गराला जो धुरकट वास येतो तो उकडलेल्या कैरीला येत नाही. एक वाटी गराला दीड वाटी किसलेला गूळ, कैरी फारच आंबट असेल तर दोन, अर्धा चमचा मीठ, चार वेलदोडे आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. गूळ किसला तर गार गरातही विरघळतो, विस्तवावर ठेवावा लागत नाही. पेल्याला दोन मोठे चमचे गर आणि वर माठातलं पाणी.

हे मी आज शहाण्यासारखं लिहितोय, पण पहिला घाणा मी वाया घालवला. गर काढायला हाताशी आला तो पितळेचा गंज, म्हणजे पातेलं, कल्हई केव्हाच उडालेला. रात्रभर गर त्यातच राहिला. सकाळी कडेला हिरवट झाक आणि चवीला असा तुरट की जीभ आखडावी. कळकलं होतं. सौ. खुर्चीतून काही बोलल्या नाहीत, नुसतं पाहिलं. चार कैऱ्या आणि गूळ मोरीत गेला. आंबट वस्तू कल्हई नसलेल्या पितळेत ठेवू नये हे आमच्या आईच्या पिढीत पोरीबाळींनाही माहीत होतं. आता घरोघरी पितळ शोभेला परत आलंय आणि कल्हईवाला गल्लीत येईनासा झालाय. तुमच्या पाककृतीच्या खाली ही एक ओळ छापली असती तर बरं झालं असतं.

थंड करायला बर्फच लागतो ही समजूतही मला पटत नाही. माझी पहिली काही वर्षं अकोला-वाशिम मार्गावर गेली. पातूरच्या पुढे दुपारी खिडकीतून येणारा वारा भट्टीसारखा असायचा. ड्रायव्हरच्या बाजूला छागल टांगलेली असे. हल्लीच्या पोरांना छागल सांगावी लागते. जाड कापडाची पिशवी, तोंडाला बूच. पाणी कापडातून पाझरतं, वाऱ्याने उडतं आणि आतलं गार होत जातं. गाडी जितकी पळेल तितकं पाणी गार. नवी छागल दोन दिवस कापडाचा वास मारते, तेवढं सोसायचं. छागल आता नाही, पण तेच काम माठ करतो. नातीने स्टीलच्या तांब्याभोवती ओलं फडकं गुंडाळून तो कूलरच्या वाऱ्यात ठेवला आणि अर्ध्या तासाने हात लावून ओरडलीच. आमची सून सावंतवाडीची. ती म्हणते, त्यांच्याकडे हवेतच इतकी ओल की माठातलं पाणी असं गार होतच नाही. बरोबर आहे. कोरड्या उन्हाचा एवढा एकच फायदा आम्हा वऱ्हाडवाल्यांच्या वाट्याला आलाय, तो तरी घ्यावा.

माझी शुगर वाढलेली, म्हणून पन्ह्याचा माझा वाटा एक घोट. माझं पेय आंबील. ज्वारीचं पीठ चार चमचे, आंबट ताकात रात्रभर भिजवायचं. सकाळी उकळत्या पाण्यात सोडून ढवळत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतात. शिजली की लसूण-जिरं ठेचून, मीठ घालून निववायची आणि पिताना पुन्हा ताक. नातीने नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी मात्र वाटीला बोट लावून चाटताना सापडली. ताकाचं प्रमाणही सांगतो, एक वाटी दह्याला तीन वाट्या पाणी आणि चिमूटभर पादेलोण. यात सांगण्यासारखं काही नाही असं वाटेल, पण हॉटेलात दह्यात एक वाटी पाणी घालून त्यालाच ताक म्हणतात.

चिंचवणी अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झालीच होती. नव्या घागरीची पूजा, पुरणपोळी आणि चिंच-गुळाचं ते पाणी. उरलेली चिंच भिजलेली होती, सुनेने माहेराहून आणलेलं कोकमाचं आगळ बाटलीत होतं. नातीने दोन्ही एकत्र केलं. सून म्हणाली, आगळात मीठ असतं, वेगळं घालू नकोस. तिने घातलं. तो पेला कोणीच प्याला नाही.

आता चियाबद्दल. ते बी मूळचं मेक्सिकोकडचं. आपल्याकडे फालुद्यात सब्जा घालतात, तो तुळशीच्याच जातीतला. आमच्या गच्चीतल्या कुंडीत त्याचं झुडूप आहे, वाळलेल्या तुऱ्यांतून बी झाडून डबीत ठेवतो. चमचाभर बी पाण्यात टाकलं की दहा-पंधरा मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती पांढरी फुगी येते. नात घड्याळ लावून बसली होती. दोन्ही बिया एकच नव्हेत हे मलाही कळतं, पण पेल्यात दोन्हींचं काम तेच.

कुल्फी हा तिचा हट्ट होता. लिटरभर दूध आटवून निम्मं केलं, कडेची साय खरवडून आत, चार चमचे साखर आणि थंड दुधात कालवलेली चमचाभर तांदळाची पिठी. गोडी जरा जास्तच ठेवली, कारण गोठल्यावर ती कमी लागते. स्टीलच्या पेल्यांत ओतून फ्रीजरमध्ये ठेवलं, आणि दुपारी तीनला जी वीज गेली ती साडेपाचला आली. सगळं पातळ होऊन पुन्हा गोठलं, पाणी वेगळं, साय वेगळी. पेला पाण्यात बुडवून दोन तळव्यांत चोळला तर वरचा भाग निसटून ताटलीत आला, खालचा तळाला चिकटून राहिला. दाताखाली खडे. नातीने नाव ठेवलं ‘कचकच कुल्फी’ आणि तिघांनी मिळून संपवली.

एक गोष्ट मात्र हौसेची नाही. डेपोत एकदा मे महिन्यात आमचा एक ड्रायव्हर गाडीतून उतरता उतरता बसला, ऊन लागलं होतं. सावलीत घेतलं, अंगावर पाणी मारलं, शुद्धीवर होता म्हणून घोट घोट जलसंजीवनी पाजली आणि दवाखान्यात नेलं. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. हे सगळं कुठल्याही घरात असतं. तुमच्या पूर्ण पानात ही ओळ कुठेच नव्हती, आणि निळ्या सरबताला चार रकाने.

तेव्हा विनंती दोन. घरातलं असं लिहिताना ते कुणाच्या घरातलं हेही लिहावं. कोकणातल्या घरात सोलं असतात, आमच्या घरात ज्वारी आणि कैरी, पुण्यातल्या नातीच्या घरात आणखी काही असेल. एकाच यादीत तिघांना बसवू नये. आणि दुसरं, ‘चवीनुसार’ आणि ‘आवश्यकतेप्रमाणे’ हे शब्द काही दिवस सुट्टीवर पाठवावेत. आम्हाला रोज रात्री डेपोत तिकिटं आणि रोकड आठ आण्यांपर्यंत जुळवून द्यावी लागे. चवीनुसार रोकड भरतो असं कोणी ऐकून घेतलं नसतं.

आपला,
एक निवृत्त वाहक, अकोला

ता. क. : निळ्या सिरपची पाऊण बाटली शिल्लक आहे. पुरवणी विभागाला हवी असल्यास कळवावे. एसटीच्या पार्सलने पाठवतो, भाडं मी भरीन.