जबाबदारी मुख्य कंत्राटदाराची हवी

महोदय,
युरोपात सीमेपलीकडे कामाला पाठवल्या जाणाऱ्या कामगारांवरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. काम जिथे चालते त्या यजमान देशाचे वेतन देण्याचा युरोपीय संघाचा नियम ३० जुलै २०२० पासून लागू आहे. पण पैसे बुडतात ते पगारपत्रकात. कागदावर पूर्ण दर दाखवायचा आणि खोलीभाडे, प्रवासखर्च त्यातूनच कापायचा. तक्रार होईपर्यंत पोटकंत्राटदार कंपनी गुंडाळून मोकळा! युरोपीय संघाच्या २०१४च्या अंमलबजावणी निर्देशानुसार (अशा कामगारांचे नियम राबवण्याचा कायदा) बांधकामातील थकीत वेतनाची सक्तीची जबाबदारी फार तर एक पायरी वर, म्हणजे थेट वरच्या कंत्राटदारापर्यंत जाते. जर्मनीत मात्र किमान वेतनापुरता मुख्य कंत्राटदार खालच्या साऱ्या साखळीला जामीन असतो. ब्रातिस्लाव्हातील युरोपीय कामगार प्राधिकरणाला दंडाचा अधिकार नाही, त्यामुळे जर्मनीची ही तरतूद युरोपभर सक्तीची व्हायलाच हवी.

– एक वाचक, पुणे