समाजात मिसळा, पण तोंड उघडू नका

संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या पुरवणीत डॉक्टरसाहेबांचा लेख वाचला, पॅरालिसिस झालेल्यांनी घरात कुढत बसू नये, चार माणसांत मिसळावं वगैरे. छान आहे. फक्त त्या चार माणसांना पण कुणीतरी सांगा की.

माझ्या डाव्या अंगावरनं वारं गेलं, आता काठी घेऊन फिरतो, जीभ जड आहे. जीभच, डोकं नाही. पण कॉलनीच्या गणपतीचा हिशोब इतकी वर्षं पै न पै मी लिहिला ती वही गुपचूप काढून घेतली, का तर "काका, तुम्ही आता आराम करा". बरं, केला आराम. मग वार्षिक सभेला बोलावलं, पुढच्या रांगेत बसवलं, शाल नारळ दिला, आणि मी माईक मागितला कारण मांडववाल्याच्या बिलात मला घोळ दिसत होता, तर दोन वाक्यं झाली न झाली तोवर एकानं माईक काढून घेतला आणि आमच्या हिला विचारतोय, "काकू, काकांना काय म्हणायचंय?" अहो मी इथंच उभा आहे ना! बिल मंजूर झालं, टाळ्या वाजवून.

सांगली म्हणजे नाट्यपंढरी म्हणून मिरवायचं, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पहिला खेळ केला म्हणून सांगायचं, आणि समोरचा जरा सावकाश बोलला की दोन मिनिटं दम निघत नाही.

माझ्याबरोबर फिजिओला एक गृहस्थ येतात, त्यांची उजवी बाजू गेली आणि शब्दच सापडत नाहीत, चहा म्हणायला जातात आणि तोंडातनं चप्पल येतं, पण अभंग धरला की अख्खा म्हणतात. याला अफेजिया म्हणतात, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात पण आहे. त्यांच्या भजनी मंडळानं सांगितलंय, बरे झालात की या. म्हणजे जिथं तोंड चालतं तिथंच बंदी!

हॉलच्या रॅम्पचं तर बोलतच नाही. एक फूट चढायला बारा फूट लांबी पाहिजे, इथं घसरगुंडी केलीय आणि खाली कुणाची तरी बुलेट लावलेली.

आणि हो, शब्दकोड्याचे चौकोन हल्ली एवढे बारीक का केलेत? डाव्या हातानं पेपर दाबून धरता येत नाही, त्यात अक्षर चौकोनात मावत नाही. अर्ध्या पानाच्या जाहिरातीतनं दोन इंच कापा आणि कोड्याला द्या.

आपला,
जुना वर्गणीदार, विश्रामबाग, सांगली