सत्र संपतंय: कॅमेरे जमा करा, पोंभुर्ल्यासाठी नावं द्या

नमस्कार मंडळी,

शनिवारी शेवटचा पेपर. त्याआधी ग्रंथालयाची पुस्तकं आणि विभागाचे कॅमेरे जमा करा. कार्डावरचं सगळं आधी उतरवून घ्या. मिरकरवाडा बंदरावर पहाटे उठून टिपलेला मासळीचा लिलाव पुसला गेला, तर फार जिवाला लागेल.

प्रायोगिक अंक छापून आलाय, आपापली प्रत न्या. मोहोराचा फोटो सुरेख उतरलाय!

६ जानेवारीला, पत्रकार दिनी, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याला जाऊ. बाळशास्त्री जांभेकरांचं हे गाव. १८३२ साली याच तारखेला त्यांचं ‘दर्पण’ हे वृत्तपत्र निघालं, मराठी आणि इंग्रजी रकाने शेजारी-शेजारी. पत्रकारिता शिकणाऱ्याने हे गाव एकदा पाहायलाच हवं. एसटी ठरवायची आहे, बुधवारपर्यंत नावं कळवा.