आगीनंतरची काजळी: आधी ओलं फडकं नको

सर्व सभासदांना कळकळीची विनंती. आगीचा धूर घरात शिरला की हात पहिल्यांदा जातो ओल्या फडक्याकडे, आणि तिथेच भिंत वाया जाते. काजळी तेलकट असते. ओल्या फडक्याने ती फासली जाऊन रंगात मुरते.

वायरमनने तपासेपर्यंत मेन स्विच बंद ठेवा. विम्यासाठी प्रत्येक खोलीचे फोटो आधी काढा. पंखा किंवा एसी लावू नका, पात्यांवरची काजळी घरभर उडते. एन९५ मास्क आणि हातमोजे हवेतच.

व्हॅक्युम क्लीनर हेपा फिल्टरचाच (अगदी बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा) वापरा. साध्यातून बारीक काजळी मागून परत हवेत येते. त्याचं तोंड भिंतीपासून बोटभर लांब धरा, घासू नका. मग कोरडा रबरी स्पंज वरून खाली, एकाच दिशेने ओढा. स्पंजचा काळा झालेला थर कापून टाका, स्पंज धुऊ नका. त्यानंतरच साबणाचं कोमट पाणी, तेही खालून वर. नाहीतर कोरड्या भागावर ओघळ उतरतात आणि ते जात नाहीत. साधा डिस्टेंपर धुणं सोसत नाही, तो खरवडूनच काढा. पुन्हा रंगवताना ऑइल प्रायमर मारा. पाण्याच्या प्रायमरमधून पिवळे डाग वर येतात.

वायरी, पीव्हीसी पाइप जळले असतील तर धूर आम्लयुक्त असतो. नळ, बिजागऱ्या त्याच दिवशी पुसा, एरवी चकाकी जाऊन खड्डे पडतात.

उघडं अन्न आणि धूर-उष्णता लागलेली औषधं टाकून द्या, किमतीकडे पाहू नका.